हजार घमेल्यांचे खाचर

मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता घोडेगाव ओलांडून डिंभ्याजवळ डोंगरात शिरतो आणि चढण चढून तळेघरला पोहोचतो. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिम भाग प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा आहे. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडे मात्र पावसाचे मान झपाट्याने उतरत जाते. डोंगरावर पडलेले पाणी ओढ्यानाल्यांनी खाली धावते, घोड नदीवरील डिंभे धरणात साठते आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत अशा दूरच्या तालुक्यांकडे जाते. फाल्गुन सरला की ज्या डोंगराने हे पाणी दिले, त्याच डोंगरावरील वाड्यांतील स्त्रिया हंडे घेऊन झऱ्यांच्या वाटा तुडवू लागतात.

अशा मुलखात जाऊन ‘कष्टांकडे आनंदाने पाहा’ असा उपदेश करणे फारसे शोभणारे नाही. येथील माणसाला कष्ट शिकवावे लागत नाहीत. राब भाजणे, दाढ टाकणे, गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणे, उतारावर नाचणी व वरई पिकविणे, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळविणे, ही सारी कामे तो पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. तरीही याच भागात एक काम असे चालते की, ज्यातून कष्टांकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी पुष्कळ काही शिकण्याजोगे आहे. त्या कामाचे नाव पडकई.

पडकई म्हणजे डोंगरउतारावर दगडांचे बांध घालून, माती कापून व भरून, नवे भातखाचर तयार करण्याची महादेव कोळी समाजातील सामुदायिक रीत. वाडीतील घरे आपसांत ठरवून एकत्र येतात. आज एकाच्या उतारावर काम, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. श्रमाची फेड श्रमानेच होते. देशावर इर्जिक आणि सावड या नावांनी शेतकऱ्यांना जी पद्धत ठाऊक आहे, तिचीच ही बहीण. फरक एवढाच की, इर्जिकीत नांगरट किंवा मळणी अशी त्या हंगामाची कामे उरकली जातात, तर पडकईत काल जे शेत नव्हते ते आज निर्माण होते.

हे काम किती मोठे आहे याचा अंदाज केवळ वर्णनाने येत नाही, म्हणून थोडा हिशोब मांडणे इष्ट होय. समजा, जमिनीचा उतार 20 टक्के आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर जमीन दोन मीटर खाली जाते. तेथे 20 मीटर लांब व 5 मीटर रुंद असे खाचर करावयाचे आहे. हे क्षेत्र जवळजवळ एक गुंठा भरते. खालच्या अंगाचा बांध सुमारे एक मीटर उंच घालावा लागतो आणि वरच्या अर्ध्या भागातील साधारण साडेबारा घनमीटर माती कापून खालच्या अर्ध्या भागात भरावी लागते. तिचे वजन सुमारे वीस टन होते. घमेल्यात वीस किलो माती मावते असे धरले, तर ही एक हजार घमेली झाली. बांधाचा दगड फोडणे, वाहणे व रचणे यांची मोजदाद यात केलेली नाही.

आता उत्पन्न पाहू. हेक्टरी 25 क्विंटल भात धरले तर एका गुंठ्यात 25 किलो भात पिकेल आणि भरडल्यावर त्याचे सोळा किलोंच्या आसपास तांदूळ होतील. हजार घमेली माती उपसून घरी सोळा किलो तांदूळ! हा हिशोब लपवून ठेवून कोणालाही पडकईचा उत्साह देऊ नये. लपविलेला हिशोब पहिल्याच सुगीत उघडा पडतो, आणि मग माणसाचा विश्वास कामावरूनही उडतो आणि सांगणाऱ्यावरूनही.

पण हिशोबाला दुसरी बाजू आहे. नाचणी-वरईच्या उघड्या उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून जाते. तीन-चार वर्षे पीक घेतले की तो तुकडा पड टाकावा लागतो. खाचरात माती थांबते, पाणी थांबते आणि नीट राखले तर ते दरसाल पिकते. सोळा किलो तांदूळ एका वर्षाचे नव्हेत. बांध उभा असेपर्यंतचे आहेत. शिवाय हजार घमेली एका जोडप्याच्या वाट्याला आली तर ती डोंगरासारखी भासतात. दहा माणसे उभी राहिली की प्रत्येकाच्या वाट्याला शंभर येतात. मातीचे वजन तितकेच राहते, परंतु काम करणाऱ्याच्या मनावरचे वजन बदलते. माणूस कष्टांना भितो त्यापेक्षा न संपणाऱ्या कष्टांना अधिक भितो. ज्या कामाचा शेवट संध्याकाळपर्यंत डोळ्यांना दिसतो, त्याला हात आपोआप लागतात. उमेद म्हणून जिला म्हणतात ती पुष्कळदा अशा साध्या व्यवस्थेतूनच येते.

या कामाची खरी कसोटी लागते ती हंगामामुळे. खाचरे बांधण्यास सोयीचा काळ म्हणजे सुगी आटोपल्यापासून वळवाचे पाऊस येईपर्यंतचा. नेमक्या याच काळात खाली मंचर आणि नारायणगावच्या बागायती पट्ट्यात कांद्याची काढणी चालू असते, भाजीपाल्याच्या व द्राक्षांच्या मळ्यांत मजुरांना मागणी असते, आणि डोंगरातील कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी उतरतात. खाली गेले तर संध्याकाळी हातात रोकड पडते. वर राहून पडकई केली तर हातात फोड येतात आणि भात वर्षभराने येते. पावसाळ्याच्या मध्यावर कणगीतील दाणे संपतात तेव्हा कर्ज काढावे लागते, हा अनुभव जुना आहे. याच डोंगरपट्ट्यात 1873 ते 1876 या काळात जांभोरीच्या होन्या केंगले याने सावकारांविरुद्ध बंड केले होते. त्याच्या मुळाशीही कर्ज आणि हातची गेलेली जमीन हीच दुखणी होती. म्हणून रोकड सोडून खाचर धरणाऱ्याची निवड सोपी समजू नये, आणि रोकड धरणाऱ्याला आळशी किंवा अदूरदर्शी तर मुळीच म्हणू नये. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान्य आहे त्यालाच दहा वर्षांचा विचार करणे परवडते.

यावरचा तोडगा उपदेशाने निघाला नाही. तो काम आणि मजुरी यांची सांगड घालून निघाला. डिंभे धरण झाले तेव्हा घोड नदीच्या खोऱ्यातील अनेक आदिवासी गावांच्या तळातील चांगल्या जमिनी बुडाल्या. नदीकाठची, पिढ्यान् पिढ्या कसलेली भातखाचरे पाण्याखाली गेली आणि कित्येक कुटुंबांच्या हाती वरचे उतार तेवढे उरले. या लोकांबरोबर ‘शाश्वत’ या संस्थेने दीर्घकाळ काम केले. कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर, जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था आणि वरच्या उतारांवर पडकई, असे तीन मार्ग लोकांनी धरले. जुन्या रीतीला मजुरीची जोड मिळाली तर माणूस उन्हाळ्यात घर न सोडता स्वतःची जमीन घडवू शकतो, हे या प्रयत्नांतून दिसून आले. 2012 साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. बक्षिसापेक्षा ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांची जमीन बुडाली त्यांनी बुडालेल्या जमिनीकडे पाहत बसण्याऐवजी उताराकडे पाहिले. याचा अर्थ त्यांनी आपली तक्रार सोडून दिली असा नव्हे. पुनर्वसनाचा हक्क मागणे आणि खाचर बांधणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात. हसतमुखाने कष्ट करावेत याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा कोणी लावू लागला, तर तो अर्थ तेथल्या तेथे दुरुस्त केला पाहिजे.

पुढे राज्याच्या कृषी खात्यानेही पडकईच्या नावाने कार्यक्रम हाती घेतला. कामाचा वेग वाढला आणि उतारांवर माती उकरणारी यंत्रेही चढली. हजार घमेल्यांचे काम यंत्र थोड्या तासांत उरकते. ज्याची पाठ वर्षानुवर्षे वाकलेली आहे त्याला यंत्राचा मोह पडला तर त्यात नवल नाही, दोषही नाही. परंतु हाताने काम करणारा माणूस दगड लागला की थांबतो, झिरपा दिसला की बाजूला सरतो, मोठ्या झाडाच्या मुळाला वळसा घालतो. यंत्राला हे थांबणे ठाऊक नसते. ते चालविणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

30 जुलै 2014 रोजी सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. अखंड पावसात भिजलेली माती, दगड आणि चिखल यांखाली गावातील बहुतेक घरे गाडली गेली आणि 151 माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. दुर्घटनेच्या कारणांची पुष्कळ चर्चा झाली. अतिवृष्टी, तीव्र चढ आणि खडकावर साठलेला झिजलेल्या मातीचा जाड थर यांकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखविले, आणि त्यावर मतभेदही झाले. वाद कसाही सुटो, शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने यातून एक भेद मनाशी पक्का करावयास हवा. काही अडचणी धीराने आणि श्रमाने हटतात. काही अडचणी म्हणजे डोंगराने दिलेला इशारा असतो. तेथे धीर धरून पुढे जाणे हा पराक्रम ठरत नाही, तेथून मागे फिरावे लागते. वरच्या अंगाला जमिनीत नव्या भेगा दिसणे, कोरड्या जागी अकस्मात झरा फुटणे, झऱ्याचे पाणी गढूळ होणे, झाडे व खांब कलणे, घराची दारे चौकटीत अडकू लागणे, ही लक्षणे दिसली तर खाचर, घर, गोठा यांचा मोह सोडून माणसे व जनावरे आधी हलवावीत आणि मग तहसील कचेरीस कळवावे.

कोणता उतार धरावा आणि कोणता सोडावा हे ठरविण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. दहा मीटर लांबीची दोरी घ्यावी. तिचे एक टोक वर जमिनीला टेकवावे, दुसरे टोक उताराच्या दिशेने समपातळीत ताणून धरावे. समपातळी पाहण्यास गवंड्याची पाण्याची नळी पुरते. खालच्या टोकाशी दोरी जमिनीपासून दोन मीटर वर राहिली तर उतार 20 टक्के, तीन मीटर राहिली तर 30 टक्के. साधारणपणे 33 टक्क्यांपुढील उतारावर खाचराचा विचार सोडून द्यावा. तेथे गवत व झाडे हेच पीक. कारण साधे आहे. 20 टक्क्यांऐवजी 40 टक्के उतारावर तेच 5 मीटर रुंदीचे खाचर करू म्हटले, तर कापावयाची माती दुप्पट होते, बांधाची उंची दोन मीटर होते, आणि उंची दुप्पट झाल्यामुळे बांधावर येणारा मातीचा रेटा चौपट होतो. चिखलणीसाठी कोंडलेल्या पाण्याचा भार त्याहून निराळा. उतार जसा वाढेल तशी खाचराची रुंदी कमी करावी. अरुंद खाचर पाहुण्यांना दाखवावयास शोभिवंत नसेल, पण ते आषाढात जागेवर राहते.

बांधाचा पाया मऊ मातीत न ठेवता कठीण मुरूम लागेपर्यंत खणावा. मोठे दगड तळाशी घालून बांध डोंगराच्या बाजूस किंचित कलता रचावा. जास्तीचे पाणी जाण्यासाठी दगडी सांडवा ठेवावा, आणि एका खाचराचा सांडवा उजवीकडे असेल तर खालच्याचा डावीकडे घ्यावा, म्हणजे पाणी एका रेषेत धावत सुटत नाही. सर्वांत वरच्या खाचराच्याही वर एक चर काढून डोंगराचे पाणी नैसर्गिक ओढ्याकडे वळवावे. काम खालून वर करीत न्यावे. वरच्या पट्टीची काळी माती काढून खालच्या तयार खाचरात पसरता येते. जमीन वनखात्याची, अभयारण्यातील किंवा वनहक्काच्या दाव्यात असलेली आहे काय, याची चौकशी कुदळ मारण्यापूर्वीच करावी. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली घोषित झाले आहे. उभे केलेले बांध नंतर कागदावरून हातचे गेले, तर त्या कुटुंबाची उमेद पुन्हा उभी करणे फार अवघड.

घमेली मोजताना एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. कुदळ पुष्कळदा पुरुषाच्या हाती असते, पण घमेले बहुधा स्त्रीच्या डोक्यावर असते, आणि ते खाली ठेवून ती पाण्याच्या हंड्याकडे वळते. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, लहान मुलांसाठी सावली आणि मजुरी मिळत असेल तर ती तिच्या स्वतःच्या नावे, एवढी व्यवस्था केली नाही तर ‘सर्वांनी आनंदाने काम केले’ हे वाक्य अहवालात लिहू नये. सात-बाराच्या उताऱ्यावर तिचे नाव लागले तर उत्तमच.

खाचर बांधून झाले म्हणजे कष्ट संपले असे नाही. माणूस खरा खचतो तो पहिल्या पावसाळ्यात. नव्या खाचरात मुरूम वर आलेला असतो, बांधातून पाणी झिरपते, रोपे पिवळी पडतात, आणि शेजारच्या जुन्या खाचरात मात्र इंद्रायणीचे पीक डोलत असते. हजार घमेल्यांनंतर ओंजळभर भात! येथे पुष्कळांचा धीर सुटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ते पडकईला येत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी काय होणार हे आधीच सांगून ठेवलेले बरे. कापणीपूर्वी काळी माती वेगळी काढून नंतर वर पसरावी. शेणखत भरपूर द्यावे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडावा, चिखलणी दोन-तीनदा करावी म्हणजे मातीचे बारीक कण तळाशी बसून झिरपा कमी होतो. पहिल्या वर्षी भात साधले नाही तर नाचणी घेण्यास लाज वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खाचर ‘बसते’. ज्याला हे आधी ठाऊक असते त्याला पिवळे रोप पाहून वाईट वाटते, पण फसविले गेल्यासारखे वाटत नाही.

बांध राखणे हे तर दरसालचेच काम. फिलिपाईन्समधील इफुगाओ लोकांनी डोंगरावर घडविलेली भातखाचरे जगात नावाजली आहेत. 1995 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरविले. परंतु तरुण माणसे कामासाठी बाहेर जाऊ लागली, बांधांची डागडुजी मागे पडली, आणि 2001 साली तीच खाचरे धोक्यातील वारशांच्या यादीत घालावी लागली. देखभालीची घडी पुन्हा बसविल्यावर 2012 साली ती त्या यादीतून बाहेर निघाली. तळेघरच्या वाड्यांतील तरुणही मंचर, पुणे, चाकणची वाट धरतात. त्यांना अडविता येणार नाही, अडवूही नये. निदान मृगाच्या आधी आठवडाभर ते घरी आले, तर ढासळलेला दगड जागी बसतो आणि म्हाताऱ्यांना सांडव्याची चिंता राहत नाही.

पावसाची झड लागली की या भागातील शेतकरी इरले किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन बांधावर फेरी मारतो. सांडव्यात पालापाचोळा अडकला असेल तर हाताने काढतो, पाणी स्वच्छ वाहते की माती घेऊन वाहते ते पाहतो, बांधाच्या पायथ्याशी पाय दाबून जमीन भुसभुशीत लागते काय याचा अंदाज घेतो. नव्या खाचराचा मालक अशी फेरी एकटा मारीत नाही. ज्यांनी उन्हाळ्यात त्याची माती वाहिली, त्यांतील कोणीतरी बरोबर असतेच. बांध त्यांचाही असतो. लावणी संपून थोडी उसंत मिळाली की, पुढच्या उन्हाळ्यात कोणाचा उतार आधी धरायचा याची बोलणी सुरू होतात.